तात्यासाहेबांची सून

माझे सासरे ताट ढकलायचे. रागावून नव्हे, आदळआपट करून तर मुळीच नव्हे. उजव्या हाताची दोन बोटं ताटाच्या काठावर टेकवायची आणि ते वीतभर पुढे सरकवायचं, एवढंच. बाबा सरकारी कचेरीत अधीक्षक होते, आणि न पटलेली फाइल हाताखालच्या कारकुनाकडे परत सरकवताना त्यांची बोटं अशीच चालत असणार याबद्दल मला कधी शंका आली नाही. ताट सरकलं की कारण विचारायचं नसे. आपणच ओळखायचं. आमटीत मीठ कमी, पोळीला एक डाग जास्त, भाताची शितं एकमेकांना चिकटलेली, किंवा यातलं काहीच नसून नुसतंच दुपारचं ऊन जास्त. मग मी उठायचे, ताट उचलायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन तेच अन्न दुसऱ्या ताटात वाढून आणायचे. ते बाबा मुकाट्याने जेवायचे. ही युक्ती मला सासूबाईंनी शिकवली, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, आणि ती त्यांना कोणी शिकवली हे मी विचारलं नाही.

बाबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या फोटोला मी दर दिवाळीला हार घालते, आणि हार घालून झाला की फोटोची चौकट दोन बोटांनी वीतभर मागे सरकवते. घरात कोणाच्या हे लक्षात आलेलं नाही. तेवढा हक्क मी स्वतःकडे ठेवला आहे.

तेव्हा आम्ही ऑस्ट्रेलियात, ग्लेन वेव्हर्लीला राहत होतो. लाल विटांचं बैठं घर, पुढे हिरवळ, मागे कपडे वाळत घालायचा तो छत्रीसारखा फिरणारा खांब. अरुण, म्हणजे माझा नवरा, सकाळी गाडी घेऊन कामावर जायचा तो अंधार पडताना परतायचा. मग त्या घरात उरायचे बाबा, सासूबाई, मी आणि आवाज. जमिनीतल्या जाळीतून येणाऱ्या गरम हवेची घरघर, कुंपणावरच्या मॅगपाय पक्ष्यांच्या गुळण्या, शनिवारी एकापाठोपाठ एक सुरू होणारी गवत कापायची यंत्रं, आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे बाबांचं खाकरणं. एक खाकरणं चहासाठी, दोन वर्तमानपत्रासाठी. तूरडाळ मिळणारं दुकान तासाभराच्या रस्त्यावर होतं, म्हणून आमटी मसुराची व्हायची. खव्याऐवजी रिकोटा चीज आटवायचे, चिवडा कॉर्नफ्लेक्सचा करायचे. सासूबाई म्हणायच्या, "वसू, इथे देवालाच नैवेद्य ओळखायला वेळ लागत असेल गं."

बाबांचं इंग्रजी हा आमच्या घरातला देव्हाऱ्याखालोखालचा विषय होता. ते लिहायचे फार सुंदर, यात खोटं नाही. लाल पेन्सिल घेऊन ते इथल्या वर्तमानपत्रातल्या चुका काढायचे आणि संध्याकाळी अरुणला वाचून दाखवायचे. मी कराडची, मराठी शाळेत शिकलेली, पुढे बी.एस्सी. झालेली; माझ्या चुका काढायला त्यांना पेन्सिलसुद्धा लागत नसे. मी फोनवर बोलायला लागले की बाबा खुर्चीतून एक बोट वर करायचे. बोट वर झालं की मी थांबायचं, ते वाक्य दुरुस्त करून द्यायचे, आणि मी ते तसंच्या तसं फोनमध्ये म्हणायचं. पलीकडे दंतवैद्याच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या मुलीला काय वाटत असेल देव जाणे. एकदा घरी पाहुणे असतानाही बोट वर झालं. सगळे हसले. मीही हसले. तेवीस वर्षांची, वेणी कमरेपर्यंत, आणि अक्कल त्या वेणीच्या टोकाला बांधलेल्या रिबिनीएवढी, अशी मी होते. तोंडावर उत्तर द्यायची हिंमत नव्हती, म्हणून मी रोज सकाळी धुण्याच्या खोलीत जाऊन मशीन सुरू करायचे आणि त्या खडखडाटात बाबांना तेजस्वी उत्तरं द्यायचे. मोठ्या त्वेषाने, हातवारे करून. त्या पांढऱ्या मशीनइतका अपमान सबंध ऑस्ट्रेलियात कोणी सोसला नसेल.

पण ताट आणि बोट मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते गाडीचं. इथे गाडी येत नसेल तर माणूस पाय असून घरातल्या कपाटासारखा असतो. दोन उपनगरं पलीकडच्या एका शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस हवी होती. मी अरुणबरोबर जाऊन भेटून आले, तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंना मी आवडले. शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की ये म्हणाल्या, फक्त स्वतःची स्वतः येऊ शकशील ना, कारण सकाळी त्या वेळेला बस नसते. मी "नो वरीज" म्हणून आले. आयुष्यात पहिल्यांदा ते दोन शब्द मी वापरले आणि तेही खोटे. घरी येऊन अरुणने विषय काढला. बाबांनी वर्तमानपत्र खाली न करता सांगितलं, "गाडी चालवायला डोकं थंड लागतं. आणि जायचंय कुठे तिला? सगळं तर घरात आहे."

"बाबा, ती कराडला तिच्या वडिलांची स्कूटर चालवायची," अरुण म्हणाला.

"म्हणूनच म्हणतोय," बाबा म्हणाले. विषय संपला. अरुण मला आत येऊन म्हणाला, "बाबांना जरा सेटल होऊ दे, वसू." बाबा येऊन दोन वर्षं झाली होती. आणखी किती सेटल होणार होते? मी अरुणला पटवून, घरी ग्रंथालयाचं निमित्त सांगून, गाडीची लेखी परीक्षा देऊन आले, शिकाऊ परमिट मिळवलं, आणि ते आणून ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे ठेवलं. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

अशा वेळी तो म्हातारा आमच्या घरी आला. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक नवी इंग्लंडची विनोदी मालिका लागली. निवृत्त झालेला एक कुरकुऱ्या म्हातारा, राखाडी स्वेटर, तुटलेल्या हाताची खुर्ची. दूधवाल्यावर चिडायचं, शेजारच्या कुत्र्यावर चिडायचं, हवेवर चिडायचं, एवढाच त्याचा उद्योग. पहिल्याच भागात एक तरुण बाई त्याच्यासमोर झाकलेली जेवणाची थाळी आणून ठेवते. तो झाकण उचलतो, वास घेतो, आणि थाळी दोन बोटांनी पुढे सरकवतो.

बाबा खुर्चीत ताठ बसले. "माणूस शिस्तीचा दिसतो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते त्या म्हाताऱ्याचे भक्त झाले. सासूबाईंनी त्याचं नाव तात्यासाहेब ठेवलं, आणि थाळी आणणारी ती त्यांची सून. आता अडचण अशी की तो इंग्लंडच्या उत्तरेकडचा असावा, तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसं बोलायचा. पडद्यावर काही झालं की बाबा माझ्याकडे न बघता म्हणायचे, "सूनबाई, तुझ्या सासूला सांग तो काय म्हणाला ते." मी सासूबाईंना मराठीतून सांगायचे. मला त्यातलं निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं मी म्हाताऱ्याच्या भुवयांवरून भरून काढायचे, आणि आपल्याला किती छान इंग्रजी येतं म्हणून मनातल्या मनात खूश व्हायचे. दुसऱ्या रविवारी मला एक गोष्ट दिसली. टीव्हीतले प्रेक्षक खो खो हसायचे, तेव्हा बाबा गंभीर. मी मराठीत सांगितलं की मगच बाबा हसायचे.

मी ती गोष्ट मनात ठेवली. पुन्हा तपासली. मी मुद्दाम सांगायचं लांबवलं. बाबा वाट बघत राहिले. मी अर्धं सांगून थांबले. बाबा अर्धंच हसले. लाल पेन्सिलीच्या त्या मालकाला, साहेबाच्या इंग्रजीत खर्डे लिहिणाऱ्या त्या अधीक्षकांना, टीव्हीवरच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. आणि ते त्यांना कोणापाशी बोलता येत नव्हतं. मी पदर तोंडाला लावून आत पाणी प्यायला गेले. तहान लागली नव्हती.

त्या आठवड्यात माझ्या मामेभावासमोर बाबांनी खिरीची वाटी सरकवली. रविवारी तात्यासाहेबांची सून नेहमीप्रमाणे थाळी घेऊन आली आणि काहीतरी बोलली. बाबा म्हणाले, "तुझ्या सासूला सांग."

मी सांगितलं, "ती म्हणतेय, तात्यासाहेब, जेवायचं नसेल तर नका जेवू, पण ताट ढकलू नका. ताटाला पाय नाहीत, पण माझे दुखतात."

टीव्हीतले प्रेक्षक हसत होते. बाबांनी खाकरलं, एकदाच, पण चहा मागितला नाही. "मग तो काय म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"तो म्हणाला, सॉरी."

माझी नात तारा युनिव्हर्सिटीत शिकते. तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती ओरडली, "आजी, यू गॅसलिट हिम!" म्हणजे माणसाला स्वतःच्या डोळ्याकानांवरच शंका यावी असं खोटं बोलत राहायचं, असा त्याचा अर्थ तिने मला समजावून सांगितला. फार चांगला शब्द आहे. आमच्या वेळी असता तर मी तो धुण्याच्या मशीनला ऐकवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण अठ्ठावीस वर्षं त्या नवऱ्याचं तोंड बघून घर चालवत आल्या होत्या. मेथीवरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "काल तू तिच्या तोंडी ते पायांचं घातलंस ना, तेव्हा ती बाई तोंड मिटून पिशवी आवरत होती."

माझा हात कणकेतच राहिला.

"आणि तात्यासाहेब सॉरी म्हणाला तेव्हा तो शिंकत होता."

"आई, मी..."

"मी काही म्हटलंय का?" त्यांनी एक काडी मोडली. "ती दुसरी, मागच्या दाराने येते ती म्हातारी. त्याची बायकोच ना ती?"

"बायकोच असणार. एप्रन लावून येते, भांडते, निघून जाते."

"मग पुढच्या रविवारी तिच्याही तोंडी घाल काहीतरी." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग सावकाश, एकेक शब्द निवडून म्हणाल्या, "तिला म्हणायला लाव, माझ्या बहिणीच्या लग्नाला तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत. कचेरीत तपासणी होती म्हणालात. तपासणी नव्हती. मला नंतर कळलं."

असा आमचा कारखाना सुरू झाला. आठवडाभर सासूबाई मागण्या नोंदवायच्या आणि रविवारी मी माल पोचवायचे. मागच्या दाराची म्हातारी एप्रनला हात पुसत अठ्ठावीस वर्षांचं एकेक बाहेर काढायची. तात्यासाहेब खुर्चीत बसून चिडचिड करायचे, आणि आमच्या मराठीत मान खाली घालायचे. बाबा हवालदिल झाले. "हा माणूस हल्ली बिघडत चाललाय," ते म्हणायचे. "घरच्या बायका फार बोलतात त्याच्या."

"खरं असेल म्हणून बोलत असतील," सासूबाई लोकरीच्या सुया चालवत म्हणायच्या.

आणि ऐन रंगात मालिका बंद पडली. इंग्लंडात कोणाला आवडली नव्हती म्हणे; सहा भागांत गुंडाळली. पुढच्या रविवारी त्या वेळेला बागकामाचा कार्यक्रम लागला. बाबा म्हणाले, "चांगलं काही टिकत नाही या लोकांकडे." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, तो चेहरा मी विसरणार नाही. त्यांची अजून निम्मी यादी शिल्लक होती. माझं तर गाडीचं काम सुरूच झालं नव्हतं. पण अरुणने नवा व्हीसीआर घेतला होता आणि हौसेने सगळे भाग टेप करून ठेवले होते. मी टेप लावली.

दोन मिनिटांत बाबा म्हणाले, "हा भाग पाहिलाय आपण."

"चित्र तसंच दिसतं बाबा," मी म्हटलं. "पण बोलणं ऐका ना. आज वेगळंच बोलताहेत."

एवढा निर्लज्जपणा माझ्यात कुठून आला, कराडकरांना विचारायला हवं. बाबांनी डोळे मिटले. मान किंचित तिरकी केली आणि जाणकार गाणं ऐकतात तसं ऐकायला लागले. किती वेळ, कोण जाणे. शेवटी डोळे उघडून ते म्हणाले, "हो. वेगळं आहे." त्या क्षणी मला जो आनंद झाला तो माझ्या लग्नात झाला नव्हता.

मग काय, सहा भागांचे सोळा करायला वेळ लागला नाही. त्याच खुर्चीत, त्याच स्वेटरात तात्यासाहेब दर रविवारी नवी शरणागती पत्करू लागले. सुनेची गाडी खिडकीबाहेर उभी दिसायची, पांढरी, उंच. मी त्या गाडीवर सगळं पणाला लावलं. "तात्यासाहेब म्हणताहेत," मी सांगितलं, "सुनेला गाडी मीच शिकवली. घरात एकाला तरी मला डॉक्टरकडे नेता यायला हवं."

"तो शिकवतो? स्वतः?" बाबांनी विचारलं.

"स्वतः. आणि म्हणतो, थंड डोक्याची आहे माझी सून."

बाबांनी बराच वेळ त्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. मला वाटलं, आता विरघळले. ते म्हणाले, "विलायतेतलं वेगळं," आणि झोपायला गेले. अशी माझी फजिती. बाकी सगळ्या लढाया मी टीव्हीत जिंकत होते आणि घरातली एकुलती एक हरत होते. शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायला आता इथली डिसेंबर-जानेवारीतली उन्हाळ्याची सुट्टी तेवढी मध्ये होती.

दिवाळी आली. इथे दिवाळीत वसंत असतो, सगळ्यांची नाकं गवताच्या फुलोऱ्याने वाहत असतात. फराळाला आम्ही सगळ्या ओळखीच्यांना बोलावलं होतं. चार-पाच कुटुंबं, त्यात डॉक्टर सुनंदाताई. त्या आधी इंग्लंडला होत्या, मग इकडे आल्या. बाबांचा रक्तदाब त्याच बघायच्या, म्हणून बाबा त्यांना मान द्यायचे. त्या स्वतः गाडी चालवत आल्या होत्या, पण बाबांच्या मते डॉक्टर हे बायकांमध्ये मोडत नाहीत. फराळ सुरू झाला. मी चकल्यांचं तबक फिरवत होते. बाबा पाहुण्यांना इंग्रजी विनोदाबद्दल सांगत होते. इंग्रजाचा विनोद वरवर कसा कळत नाही, त्याला कान कसा तयार लागतो. "आता ती म्हाताऱ्याची मालिका घ्या," ते म्हणाले, आणि सांगायला लागले. माझी वाक्यं! ताटाला पाय नाहीत, पण माझे दुखतात. सासूबाईंची तपासणी. शब्दन् शब्द, स्वतःच्या कानांनी ऐकल्यासारखा, योग्य त्या ठिकाणी थांबून. पाहुणे हसत होते. मला एकाच वेळी अभिमान वाटत होता आणि घाम फुटला होता.

सुनंदाताई हसत हसत म्हणाल्या, "काका, ही तीच का, राखाडी स्वेटरवाली? मी इंग्लंडला असताना पाहिलीय ती. पण त्याला सून कुठली?"

"सून म्हणजे, ती जेवण घेऊन येते ती," बाबा म्हणाले.

"अहो, ती काउन्सिलची बाई! तिथल्या नगरपालिकेतर्फे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरपोच जेवण देतात ना, इथेही देतात, तशी. आणि त्याची बायको मेलेलीय. मागच्या दाराने येते ती शेजारीण. त्या माणसाला कोण्णीच नाहीये, तोच तर विनोद आहे सगळा."

माझ्या हातातलं तबक कललं. तुम्हाला वाटेल, चोरी पकडली गेली म्हणून. नाही. दर रविवारी मी वाटेल ते खोटं सांगत होते, पण ती सून आहे हे मला खरं वाटत होतं! रोज एक तरुण बाई जेवण आणते, म्हातारा नावं ठेवतो, ती थाळी उचलून जाते. दुसरी कोण असणार? सबंध मालिकेत तेवढी एकच गोष्ट मी प्रामाणिकपणे समजले होते, आणि तीच चूक. अशी मी हुशार.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. त्यांनी फक्त एवढंच म्हणायचा अवकाश होता, मला सूनबाईने असं सांगितलं. मी मेले असते. पण ते म्हणायचं, तर मला स्वतःला कळलं नव्हतं हेही म्हणायला हवं होतं, तयार कानाच्या व्याख्यानानंतर, भरल्या घरात. मी बघत होते आणि ते मनात तोलत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून चकली मोडल्याचा आवाज आला.

"अहो, तुम्हीच सांगा की," सासूबाई म्हणाल्या, अगदी साळसूदपणे. "तुम्हाला तर सगळं समजतं. सून, की काउन्सिलची बाई?"

"सूनच," बाबा म्हणाले.

"काका, खरंच नाही हो," सुनंदाताईंना काय माहीत, त्या बिचाऱ्या समजावत होत्या. "तिचा तो युनिफॉर्म, ती व्हॅन. व्हॅन चालवत येते ती सगळीकडे."

"मग? सुना गाडी चालवत नाहीत की काय?" बाबांचा आवाज चढला. "कोणत्या काळात आहात? आमची नाही का चालवणार!"

"कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

सगळे बाबांकडे बघत होते. अरुणच्या तोंडात अख्खा लाडू होता.

"सोमवारपासून," बाबा म्हणाले.

"मग वसू," सासूबाई दुसरी चकली उचलत म्हणाल्या, "ते पिठाच्या डब्यामागचं घेऊन ये गं. दाखव सगळ्यांना." मी त्यांना परमिटबद्दल कधीच बोलले नव्हते. स्वयंपाकघरात गेले, तर डब्यामागे ते तिथेच होतं, पीठ झटकून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून नीट ठेवलेलं.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते तिथे कधी येत नसत. "खरंच सून नव्हती ती?" त्यांनी विचारलं.

"मला सूनच वाटली हो बाबा."

"मलाही," ते म्हणाले. "रोज जेवण आणते आणि बोलणी खाते. मग दुसरी कोण असणार?" आणि वळून गेले.

इथे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं अशी सोय आहे, हे मला कळतं. माझ्या आलं नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे माहीत होतं तर यांना. इतकी वर्षं नीट माहीत होतं. आणि कढई अशी घासली की ती आजही आमच्या आताच्या, पॉइंट कुकच्या घरात माझ्याकडे चकाकतेय.

सोमवार म्हणजे सोमवार. अरुण संध्याकाळी लवकर येऊन मला बंद शाळेच्या मोकळ्या मैदानात शिकवायचा आणि बाबा मागच्या सीटवर बसून दुरुस्त्या करायचे. बोट वर व्हायचं ते मला आरशात दिसायचं. "गिअर." "ब्रेक." "उजवीकडचं झाड." त्यांना स्वतःला सायकलही येत नव्हती. मी दात आवळून झाड चुकवायचे. सुट्टी संपत आली तेव्हा परीक्षेचा दिवस मिळाला. अरुणने आम्हाला लायसन्स ऑफिसपाशी सोडलं, किल्ली माझ्या हातात दिली, आणि तो तिथून ट्रेनने कामाला गेला. "पास झालीस तर गाडी घेऊन घरी ये, नाही झालीस तर फोन कर." आम्हाला म्हणजे मला आणि बाबांना. ते देखरेखीला आले होते, छत्री घेऊन. सासूबाई घरी होत्या. पास होऊन येणार म्हणून त्यांनी सकाळीच पुरण घातलं होतं. मी नापास झाले असते तर त्या पुरणाचं काय करणार होत्या, हे मी त्यांना नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "तेच वाढलं असतं, दुसऱ्या ताटात."

परीक्षक म्हणजे अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत मोजे घातलेला आडवातिडवा माणूस. मी वळणावर गाडी फार लांबून घेतली, पार्किंग करताना दोनदा चुकले, आणि एका सायकलवाल्याला मनापासून नमस्कार केला. परत आलो तेव्हा बाबा बाकावरून उठून मागच्या सीटवर येऊन बसले. परीक्षक उतरून खिडकीवर वाकला, हसून चार वाक्यं बोलला, हातात पास झाल्याचा कागद दिला आणि गेला. कोपऱ्यांवर जरा जपून, बाकी चालेल, बेस्ट ऑफ लक, असं काहीसं. मी किल्ली फिरवली.

मागून खाकरल्याचा आवाज आला.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "तुझ्या सासूला सांग तो काय म्हणाला ते."

मी आरशात पाहिलं. त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती. बाबा खिडकीबाहेर बघत होते, कान तेवढा माझ्याकडे होता.

आता माझा मुलगा मला म्हणतो, "आई, या वयात फ्रीवेवर नको." मी त्याला म्हणते, बरं रे, आणि किल्ली घेते. कारण मला तो दिवस आठवतो, ते गरम स्टिअरिंग, ती वाट बघणारी शांतता, आणि त्यात काय हवं ते भरायची मला मिळालेली मोकळीक.

"तो म्हणाला," मी सांगितलं, "बाई गाडी उत्तम चालवतात. फक्त मागे बसलेल्या माणसाने घरापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. इथला कायदा आहे."

बाबांनी छत्री दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली आणि सरळ बसले.

"हं," ते म्हणाले. "मला कळलं होतं."

आमचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं. मी समुद्राकडून वळसा घालून गेले.